केळीचा एकच खांब

४ मे, सोम.
सोनगीर–धुळे बस उभ्यानं. स्टुडिओत पोचते तोच नानांचा फोन. रविवारी वास्तुशांती, नव्या घरात लावायला मोठा फोटो हवा. गेल्या दिवाळीचा, दारातला. डावीकडे ताई, मधे नाना-आई, उजवीकडे मी. पण ताई नको. "तिले काढी टाक." ताईनं मनानं लग्न केलं त्याला चार महिने झाले, अजून तिचं नाव घेत नाहीत. आणि काढणार कोण? मी. डोकं भणभणतंय.

५ मे
खोडवेना. भिंत जुळत नाही असं सांगितलं. (खोटं. दहा मिनिटांचं काम.) शेवटी वेगळ्या लेयरवर केळीचा खांब आणला नि ताईवर ठेवला. खाली ती आहे तशीच, हसतेय. मूळ फोटो नानांनी मोबाइलमधून उडवलाय. ताई आता फक्त या फाईलीत. लॅबला पाठवताना लेयर चिकटवले की खांब निघत नाही, नि मग ही फाईलही पुसायची असा नानांचा हुकूम. दिवसभर चहा नि चिडचिड.

७ मे, गुरु.
नमुना पाठवला. लगेच फोन. "एकच खांब कसा? जोडी लागस. लोके हसतीन."
खरंच की. दाराला केळीचा एक खांब कोण लावतं? एवढी घोडी झाले, कळू नये? दुसरा लावायचा तर उजवीकडे. उजवीकडे मी!
सं. रागारागात लावलाच.

८ मे
नाना पूजेचं सामान घ्यायला धुळ्यात. स्टुडिओत आले. स्क्रीनवर दोन खांब, मधे नाना-आई. पोरी नाहीतच. म्हटलं, घ्या जोडी. चष्मा पुसून परत बघितलं. तुनी माय एकटी दिखस, म्हणाले. स्वतःचं काही नाही. मग हळूच, खांबांकडे बोट करून,
"हाऊ उचलता येस का?"
"कोनता?" मी मुद्दाम विचारलं. खूप राग आला होता, आणि रडूही.
पूजेच्या सामानाची पिशवी उचलून गेले.

९ मे, शनि. दु.
उद्या पूजा. लॅब पाचला बंद, त्यांचे दोन फोन येऊन गेले. नाना आज परत आलेत, सकाळपासून बाकावर. घरी कामं पडलीत म्हणून आईचा फोन आला, तिला म्हणाले, "फोटोना काम चालू शे."
मघाशी दोन्ही खांब उचलले, न विचारता. नाना बघतायत. परत ठेव असं अजून म्हणाले नाहीत. साडेचार वाजले.