अकरा हजार बदल आणि एकच नाव

तीर्थस्वरूप काकांना,

साष्टांग नमस्कार. (आठही अंगं या वेळी खरोखर जमिनीला टेकली आहेत असं समजावं.) गुडघा कसा आहे? डोळ्यांतले थेंब वेळेवर घालता का, की बाटलीवरची तारीख उलटल्यावरच आठवण होते? आम्ही इकडे ठीक आहोत, म्हणजे बायको आणि मुलगी ठीक आहेत. माझं काय ते पुढे येईलच. हातानं लिहिलेलं पत्र पाहून दचकू नका, कोणी गेलेलं नाही. माझ्या ईमेल तुम्ही न उघडताच कचऱ्यात टाकता, असं काकूकडून कळलं. कागद फाडायचा म्हटलं तरी आधी हातात घ्यावा लागतो, एवढ्याच आशेवर लिहितोय.

आधी सांगून टाकतो: तुमचं बरोबर होतं. (हे वाक्य मोठ्यानं वाचायला हरकत नाही.) 'ठिपके' जुन्या सर्व्हरवरून हलवू नकोस, चालत्या गाड्याला खीळ घालू नकोस, असं तुम्ही तीन वेळा बजावलंत. त्यावर मी अकरा जणांच्या देखत, ऑनलाइन बैठकीत, "काका, तुमचा काळ गेला आता," असं म्हणालो. तुम्ही कॅमेरा बंद केलात. त्या काळ्या चौकटीकडे बघत मी पुढची वीस मिनिटं नव्या यंत्रणेचे फायदे समजावत होतो. आता आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात.

हे पत्र तुमच्या आधी काकू वाचणार, म्हणून तिच्यासाठी थोडं फोडून लिहितो. काकू, ब्रेल छापखान्यात असताना काकांनी साध्या मजकुराचं ब्रेल करून देणारा जो प्रोग्राम लिहायला घेतला, तो 'ठिपके'. एकोणीस वर्षांत चौतीस जणांनी एक छदामही न घेता त्यात भर घातली. कुणी, कधी, काय बदललं आणि का, याची प्रत्येक वेळी एक नोंद होते. अशा नोंदी झाल्या अकरा हजार चारशे बारा. त्या सगळ्या एका कॉलेजच्या तळघरातल्या एकाच सर्व्हरवर होत्या. त्या खोलीत पाणी शिरलं की सगळ्यांची कामं बंद. नव्या यंत्रणेत प्रत्येकाकडे सगळ्या नोंदींची पूर्ण प्रत राहते. म्हणजे कल्पना चांगली होती. (कल्पना माझी नव्हती, म्हणूनच असावी.)

नोंदी इकडून तिकडे नेणारं एक साधन असतं. ते प्रत्येक नोंदीपाशी विचारतं, हा माणूस कोण? कारण जुन्या यंत्रणेत आपण सगळे टोपणनावांनी वावरत होतो. 'घुबड' कोण, 'नाना२' कोण, मग 'नाना१' कुठे गेला? खरं नाव दिलं नाही की साधन अडून बसायचं. चौतीस नावांची यादी करायला फार तर एक दिवस लागला असता. तुम्हाला फोन केला असता तर अर्धा तास. पण तुमच्याशी बोलणं बंद होतं आणि मी बढाई मारून बसलो होतो की शनिवारी दुपारपर्यंत काम फत्ते. पाचव्यांदा अडल्यावर मी वैतागून त्याला सांगितलं, ज्याचं नाव सापडणार नाही त्याच्या जागी माझं घाल. तात्पुरतं, हं. नंतर बदलू म्हणून. साधन शहाण्या मुलासारखं सहा तास मुकाट्यानं चालत राहिलं. शेवटी मी नोंदी मोजल्या: बरोबर अकरा हजार चारशे बारा. प्रोग्रामही व्यवस्थित चालला. नावं तेवढी पाहिली नाहीत. सोमवारी कॉलेजवाल्यांना सर्व्हर परत करायचा होता, तो मी स्वतः जाऊन पुसून दिला. एकदा नाही, तीनदा पुसला. आयुष्यात एवढं नेटकं काम मी दुसरं केलेलं नाही.

घोळ पहिल्यांदा बायकोच्या लक्षात आला. ती कौतुकानं माझं काम बघायला बसली आणि तिनं विचारलं, "आपल्या लग्नाच्या सहा वर्षं आधी तू कुठल्या बायकोला समुद्रावर नेलं होतंस?" नोंद होती, 'बायकोला समुद्रावर नेऊन आणलं, उरलेलं उद्या.' खाली लेखक म्हणून मी. (काकू, ती तू होतीस. माझ्या बायकोला एकदा फोन करून सांगशील का? माझ्यावर तिचा अर्धाच विश्वास आहे.) मग मी खाली खाली वाचत गेलो. 'गाढव पुतण्यानं काल मोडलेलं आज सांधलं', लेखक मी. 'पुतण्याचं लग्न झालं, आता तरी सुधारेल', लेखक मी. काका, अशा सत्तर नोंदी सापडल्या आणि मग मी मोजायचं सोडलं.

खरं लाजिरवाणं याच्या पुढचं आहे. चूक कळली मंगळवारी. मी बोललो शुक्रवारी. मधल्या तीन दिवसांत अभिनंदनाचे निरोप येत होते. एका मासिक पत्रकात छापून आलं की एकोणीस वर्षांचा हा डोंगर एका माणसानं एकहाती उभा केला. मी उत्तर लिहिलं, 'छे छे, हे सगळ्यांचं काम आहे.' शब्द न् शब्द खरा होता. लोकांना तो विनय वाटला, आणखी कौतुक झालं, आणि मी ते होऊ दिलं. नववीत असताना, सायकल नीट चालवता येत नव्हती त्या वयात, मी ब्रेलच्या जोडाक्षरांचे नियम लिहिले, यावर कुणाला शंकासुद्धा आली नाही.

शुक्रवारी गणिताच्या बाईंचा फोन आला. तुम्ही त्यांना ओळखता: अंध शाळेत शिकवतात, स्वतः जन्मापासून अंध, आणि 'ठिपके'मधली अपूर्णांकांपासून वर्गमुळांपर्यंतची सगळी चिन्हं त्यांनी चार वर्षं खपून बसवली. सहाशे बारा नोंदी. ब्रेल पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशनात त्यांनी अर्ज केला होता आणि पुरावा म्हणून 'ठिपके'मधल्या आपल्या नोंदींचं पान दिलं होतं. मुलाखतीत ते पान उघडलं गेलं. समोरचे म्हणाले, "बाई, हे तर दुसऱ्या कुणाचं काम दिसतंय."

बाई चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मला वाटलं, माझं वाचणारं यंत्र बिघडलंय. म्हणून घरी येऊन सगळ्या नोंदी एकेक करून ऐकल्या. प्रत्येकीच्या शेवटी तुमचं नाव."

मी म्हणालो, मी प्रकाशनाला पत्र लिहितो.

"त्या पत्रावर सही तुमचीच असणार ना? तुमच्या सह्या पुरे झाल्या. मला माझी नोंद हवी आहे."

त्याच दुपारी मी सगळ्यांना लिहून कबुली दिली, मंगळवार ते शुक्रवार या हिशेबासकट. काहींनी अबोला धरला. 'घुबड'नं एक ओळ पाठवली: 'माझ्या नावावर नुसत्या चुका होत्या, ठेवून घे.' पत्रकवाल्यांनी खुलासा छापायचं कबूल केलंय. बाईंना पुरावा द्यायला प्रकाशनानं सोमवारपर्यंत मुदत दिली आहे.

बाकी क्षेम. प्रकृतीला जपावं. मोठ्यांचं ऐकावं असं तुम्ही म्हणायचात, ते आता मी मुलीला सांगतो. तीही ऐकत नाही.

तुमचा,
नोंदीत तुम्हीच उल्लेखलेला पुतण्या

ता. क. काकू सहज बोलता बोलता म्हणाली की दर रविवारी तुम्ही जुन्या सर्व्हरवरच्या सगळ्या नोंदींची नक्कल उतरवून घेत होतात, भांडणानंतरही, अगदी मी सर्व्हर पुसेपर्यंत, आणि ती डिस्क कपड्यांच्या कपाटात टॉवेलात गुंडाळून ठेवली आहे. कुठली नोंद कुणाची, हे जगात आता तेवढ्या एकाच जागी आहे. पत्र खरं म्हणजे एवढ्यासाठीच होतं.

ता. क. २. टोपणनावांमागची माणसंही तुम्हालाच माहीत. तुम्ही सांगा, मी उतरवून घेईन. मध्ये एक शब्द बोलणार नाही.

ता. क. ३. हे पत्र पोस्टानं आलेलं नाही. काकूनं दाराच्या फटीतून आत घेतलं. मी खाली जिन्यात बसलोय, शेजारच्या पायरीवर बाई आहेत. त्यांना सगळं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मागायचं होतं ते पहिल्या ओळीत का नाही लिहिलंत?" काका, दार त्यांच्यासाठी उघडा. मी पायरीवर थांबतो.