एक इंच जास्तीचं खोकं

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे तो उभ्यानंच केला आहे, भाव साष्टांगाचा धरावा.) तब्येत कशी आहे? उजवा हात आता कितपत उचलतो? व्यायाम शिकवणाऱ्या बाई रोज येतात, की तू त्यांना दारातूनच वाटेला लावतोस? वहिनी फोनवर सांगत होती की तू दिवसभर लेकीच्या घरी खिडकीत बसून असतोस. समोरच्या इमारतीच्या चौकटी वाकड्या बसवल्या आहेत, हे तुला दिसत असणारच. तरीही तू काही बोलत नाहीस म्हणे. वाकडं काम दिसूनही तू गप्प बसतोस, याची मला हाताहून जास्त काळजी वाटते. आम्ही इथे ठीक आहोत. अक्षर नेहमीपेक्षा वाईट आलं आहे, त्याबद्दल रागावू नकोस. पेन नवीन आहे.

पत्रास कारण तुझं बाक. मागच्या महिन्यात तू सांगितलंस की एक हात गेला, आता सुतारकाम संपलं, बाक विकून टाक आणि हत्यारांचं तुला वाटेल ते कर. मोठ्या भावाचा शब्द मी आजवर मोडलेला नाही (मोडला तेव्हा तुला कळू दिलेलं नाही), म्हणून लगेच गिऱ्हाईक शोधलं. कोपऱ्यावरच्या फुलांच्या दुकानाच्या मालकीणबाई आल्या, बाकाभोवती दोन फेऱ्या मारल्या, करवतीच्या खुणांवरून आणि पॉलिशच्या डागांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या की असं जुनं रूप हल्ली शोधून सापडत नाही, यावर कुंड्या काय शोभून दिसतील. ज्या बाकावर तू चाळीस वर्षं दारं केलीस, त्यावर कुंड्या. मी मान डोलावली. समोरच्याला नाही म्हणणं मला जन्मात जमलेलं नाही, हे तुला ठाऊकच आहे. येत्या गुरुवारी त्या टेम्पो घेऊन येणार आहेत.

त्या गेल्यावर मी मागच्या खोलीत बसून राहिलो. बाकावर तुझ्या हत्यारांचा ढीग होता. पटाश्या, दोन रंधे, गुण्या, कानशी, ते गिरमिट जे तू मला लहानपणी हात लावू देत नव्हतास (आता लावला, काही विशेष वाटलं नाही). तेव्हा ठरवलं की यांच्यासाठी बाकाला एक खोकं करायचं, पण काढता-घालता येणारं. बाक बाईंचं, खोकं आपलं. हिनं विचारलं की गुरुवारी जाणाऱ्या बाकाला आज खोकं कशाला? प्रश्न रास्त होता, म्हणून मी पट्टी शोधायला उठलो.

युक्ती तुझीच, तू भिंतीवरच्या फळ्यांना करायचास ती. तिरक्या कापलेल्या दोन पट्ट्या, एक बाकाच्या कडेला, एक खोक्याच्या पाठीला. वरून अडकवलं की बसतं, वर उचललं की सुटतं. बाकाची उजवी बाजू मी तुझ्याच घडीच्या पट्टीनं मोजली आणि लाकूडवाल्याकडे जाऊन ऐटीत सांगितलं, एकवीस इंच. त्यानं त्याच्या टेपनं एकवीस कापून दिलं. घरी येऊन खोकं जोडलं, अडकवलं, तर ते बाकाच्या पुढे एक इंच नाक काढून उभं. नेमकं तू फळी आवळायचास त्या शिकंज्याच्या दांड्याच्या वाटेत. शिकंजा अर्धा फिरे आणि खोक्यावर आपटे. लाकूडवाल्याशी भांडायला मी चप्पल घातली, आणि दारात आठवलं. तुझ्या पट्टीचा पहिला इंच तुटलेला आहे. ती एकपासूनच सुरू होते. प्रत्येक मापापाठोपाठ तू "एक वजा" असं पुटपुटायचास, आणि मी लहानपणी ते कसलं तरी स्तोत्र समजत होतो. तीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासून दुसऱ्यांच्या चुका काढल्या, स्वतःच्या करायला सवड आत्ता कुठे मिळते आहे. चप्पल काढून ठेवली.

मग मी ते खोकं डावीकडे नेलं. तिथे शिकंजा नाही, काही नाही, इंचभर पुढे आलं तरी कुणाला अडत नाही. तिथली पट्टी मी सरस लावून बसवली, आणि सरस किती लावायचा याचा अंदाज नसल्यानं (तू कधी सांगितलं नाहीस, मी कधी विचारलं नाही) तो ओघळून दोन्ही पट्ट्यांच्या मधे गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी काढता येणारं खोकं काही केल्या निघेना. मी ओढलं. हिनं ओढलं. दोघांनी मिळून ओढलं तेव्हा बाकाचे दोन पाय उचलले गेले, पण खोकं जागचं हललं नाही. शेवटी हिनं लाकडी हातोड्यानं खालून असा एक ठोका दिला की खोकं सुटून माझ्या मांडीवर आलं. घरात सुतार होण्याची लायकी कुणाची होती, हे लग्नाला पस्तीस वर्षं झाल्यावर कळलं.

आता ते छान बसतं आणि छान निघतं. त्यात हत्यारं तू लावायचास त्याच क्रमानं लावली आहेत, फक्त आरशात दिसावीत तशी, म्हणजे हाताशी सगळ्यात जवळ पटाशी. बाकापाशी उभं राहिलं की मला तुझी फार आठवण येते. एरवी हे मी लिहिलं नसतं, पण तू समोर नाहीस म्हणून धीर होतो. असो. बाकी सगळं क्षेम. वहिनीस नमस्कार, लेकीस व जावयांस आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. वाढलेला तो इंच करवतीनं उडवायला मला पाच मिनिटं लागली असती. (बरं, वीस.) म्हणजे खोकं उजवीकडे नीट बसलं असतं. मी तो कापला नाही. माझा उजवा हात धडधाकट आहे, मला डावीकडच्या हत्यारांची गरज नाही. ती कुणाला आहे, हे तुला कळलंच असेल.

ता. क. आणखी एक. एक हात वजा झाल्यावर उरलं काय, असं तू फोनवर म्हणालास, तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. ते परवा पट्टी हातात घेऊन बसलो असताना सुचलं. जन्मभर तू एक वजा करूनच मोजत आलास, आणि तुझं एकही दार कधी अडलं नाही.

ता. क. शेवटचा. बाई गुरुवारी येतील. त्यांना नाही म्हणणं माझ्याच्यानं होणार नाही, ते तुलाच येऊन म्हणावं लागेल. पेन नवीन नाही, ते मी खोटं लिहिलं. हे अख्खं पत्र मी डाव्या हातानं लिहिलं आहे, चार दिवस लागले, आणि मी तर साधा प्रुफं वाचणारा. इथवर वाचता आलं असेल, तर डाव्या हाताचं काम चालतं असं समज आणि बुधवारी ये.