चाळीस लिटर आकाशी

३ जून, सोमवार
आजपासून अभ्यास. रंगाच्या कारखान्यात एकोणीस वर्षं मिक्सिंगच्या स्टुलावर काढली, आता सुपरवायझरची खुर्ची. परीक्षा १५ तारखेला. वयाची अट आहे, त्यामुळे ही शेवटची संधी. मागच्या दोन वेळा पेपर काढणाराच चक्रम होता. गुणोत्तर-प्रमाणाची साठ गणितं, दिवस बारा. रोज पाच. डाव्या हातचा मळ.

संध्याकाळी ७
टाइमटेबल तयार. चार रंगांत. आज एवढं पुरे.

५ जून, बुधवार
दहा दिवस उरले, म्हणजे रोज सहा. हे तोंडी केलं, कागदसुद्धा लागला नाही. माणसात मुळात असावं लागतं.

हिला खुर्चीसाठी उशी शिवायला सांगितली. गुपचूप माप घेऊन आलो होतो. ही म्हणाली, आधी पास तर व्हा. स्वभावच शंकेखोर.

लॅबवालीनेही फॉर्म भरलाय म्हणे. तिला रंग ढवळायला मीच शिकवलं. पोरगी अजून मापाचं भांडं घेऊन फिरते. कीव येते.

९ जून, रविवार
सहा दिवस, रोज दहा. पुस्तक उघडलं. पहिलंच गणित: निळा आणि पांढरा ३:५, एकूण रंग चाळीस लिटर, तर निळा किती? मागे उत्तर १५ छापलंय. साफ चूक. अहो, हा तर आमचा आकाशी! कारखान्यात भिंतीवरच्या कार्डावरही ३:५च आहे, पण कार्ड नवख्यांसाठी. निळा अंगावर येतो. चौदावर हात आखडता घ्यायचा, हे मी डोळे मिटून सांगेन.

लेक सातवीत आहे. तिला विचारलं. तिने एकूण आठ भाग केले, एक भाग पाच लिटरचा, तीन भागांचे पंधरा. मी तिला निळ्याचा स्वभाव समजावून सांगितला. तिने पेन्सिल खाली ठेवली.

"बाबा, तुम्ही गणित सोडवताय की रंग कालवताय?"

दोन्ही, म्हटलं. चर्चेत संध्याकाळ गेली. बाकीची नऊ उद्या.

११ जून, मंगळवार
चार दिवस, रोज पंधरा. आज मूड गेला. आकाशीचे डबे पुन्हा परत आले, शेरा तोच: फिकट. लोकांना भिंती नीट घासायला नकोत, आणि नावं आम्हाला ठेवायची.

१३ जून, गुरुवार
दोन दिवस, रोज तीस. हे काही माणसाचं काम नाही. निवडक गणितंच करायची. निवड उद्या.

१४ जून, शुक्रवार
निवड केली. पहिलं गणित. ते येतंच.

उशी झाली. छान झालीय. मनातून फार भीती वाटतेय, पण हिला बोललो नाही.

१५ जून, शनिवार, दुपारी
तेच गणित आलं! आकडेसुद्धा तेच. पर्याय १४, १५, १६, २४. पंधरावर पेन टेकलं होतं, पण एकोणीस वर्षांच्या अनुभवाशी बेइमानी करवेना. १४. तत्त्व म्हणजे तत्त्व.

बाकीचा पेपर अंदाजाने. अंदाज हाच माझा हातखंडा.

२९ जून, शनिवार
पासिंगला चाळीस. मला एकोणचाळीस.

लेकीने कुठलं चुकलं ते विचारलं नाही. नुसती जवळ येऊन बसली. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

१ जुलै, सोमवार
खुर्चीत लॅबवाली. उशी माझ्या स्टुलावर घातली. मावत नाही, माप खुर्चीचं आहे.

पहिलीच ऑर्डर, चाळीस लिटर आकाशी. मी सवयीने निळा चौदावर थांबवला आणि पांढऱ्याने चाळीस पुरे केले. तिने नमुन्याचं कार्ड शेजारी धरलं. काका, फिकट वाटतोय का हो, म्हणाली. हळूच म्हणाली, चारचौघांत नाही. मग दुसऱ्या पिंपात मापाने पंधरा निळा, पंचवीस पांढरा घेतला आणि मलाच ढवळायला दिलं.

कार्ड धरलं. तंतोतंत.

म्हणजे एकोणीस वर्षं

चष्म्याचा नंबर वाढला असणार. उद्या डोळे तपासून घ्यायचे.