आईच्या गाण्याच्या जड फायली

बाळे, ही चिठ्ठी शांतपणे वाच, गोष्ट सांगतो. तिच्यातला गाढव मीच आहे.

आईच्या गाण्याचे फोनमधले व्हिडिओ एडिटिंगला अडकतात, म्हणून तू ते कॉम्प्युटरवर न अडकणाऱ्या, पण जास्त जागा खाणाऱ्या जड फॉरमॅटमध्ये करून घेतले होतेस. मला वाटलं, एकच गाणं दोनदा कशाला? माझ्या कीर्तनांच्या रेकॉर्डिंगला जागा हवी, म्हणून मी मोठ्या फायली पुसल्या. "बाबा, हात लावू नका," म्हणाली होतीस. तरी लावला.

मूळ व्हिडिओ असलेला फोन तुझ्या टेबलावर ठेवलाय. कीर्तनं सगळी काढून टाकली, जागा मोकळी आहे. उद्या आईच्या स्मरणसभेपर्यंत त्या फायली पुन्हा करायला जमेल का गं? तोंड दाखवायची लाज वाटते, म्हणून देवळात जाऊन बसतो.

राग येईल तेव्हा आईला आठव. तीही माझ्यावर चिडायची, पण गाणं अर्ध्यात सोडायची नाही.