आबांचा कोयता

तारापूर,
शुक्रवार, १० डिसेंबर १९६५

ती. गोजराअक्कास,
रामनाथचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र सोमवारी पोचलं. दाजींचा खोकला उतरला हे वाचून बरं वाटलं. इकडे केळी यंदा चांगली आली. वीजकेंद्राच्या कामावर बाहेरगावचे पुष्कळ लोक आलेत, ते वाडीत येऊनच घड घेऊन जातात, बाजार गाठावा लागत नाही. लॉऱ्यांची धूळ मात्र पानांवर बसते. परवा दत्तजयंतीचं भजन झालं. मी गेलो, पण टाळ हातात घेतले नाहीत.

तू दोन गोष्टी मागितल्यास. सूनबाईचे दिवस भरत आलेत, म्हणून सुलूला महिनाभर वैतरण्याला पाठवावं. आणि तिच्याबरोबर आबांचा कोयता द्यावा, बाळाच्या सटीला गादीखाली ठेवायला. आपल्या घरातलं प्रत्येक मूल सहाव्या दिवशी त्याच कोयत्यावर निजलं. तू निजलीस, मी निजलो, माझ्या जुळ्या मुली निजल्या. तुझं मागणं रास्त आहे. तरी उत्तराला मला पाच दिवस लागले.

मुली बऱ्या आहेत. त्यांची आई गेल्यापासून प्रेमला स्वयंपाक बघते, सुलू वाडीला पाणी देते. सोळावं लागलंय. मागच्या पत्रांतून मी एवढंच लिहीत आलो, आणि तू स्थळांची नावं पाठवत आलीस.

शेजारच्या जिवलीच्या कोंबड्या जायला लागल्या, तेव्हा मला मुंगसाचा संशय होता. मग पेंढ्याच्या मागे एक सापडली. मान कापलेली नव्हती, चावलेली होती. माणसाच्या दातांची खूण ओळखता येते अक्का, पेरूवर असते तशीच. त्या दिवशी प्रेमलाने भाकरी वाढली आणि तिच्या नखांच्या कडा मला लाल दिसल्या. मी पानावरून उठलो. तेव्हापासून माझी चूल वेगळी आहे. माझी भांडी मी राखेने तीनदा घासतो. बापाने पोटच्या मुलींची किळस करावी हे पाप आहे हे मला कळतं. पण किळस विचारून येत नाही.

दोघींना वेगळं केलं तर जोर कमी होईल असं वाटलं, म्हणून पावसाळा सरताच प्रेमलाला तिच्या मामाकडे, केळव्याला नेऊन सोडलं. आठ दिवस बरे गेले. नवव्या दिवशी दुपारी सुलू माझ्यासमोर ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. हात सुपात होते, तोंड रिकामं होतं. एकाएकी तिने ओठ घट्ट मिटले आणि हनुवटीवरून लाल ओघळ आला. मी म्हटलं जीभ चावली असेल. ती अंगणात ओकली. त्यात बारीक मऊ केस होते, पिवळट, आणि एक इवलीशी नखी.

दोन दिवसांनी मेव्हणा प्रेमलाला घेऊन आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. पाणी दिलं, ते घेतलं नाही. त्यांच्या मांजरीला माळ्यावर पिल्लं झाली होती, पिवळी, एवढंच बोलला आणि उन्हातच परत गेला. पिल्लं गेली तो वार मी विचारून घेतला होता, वेळही. तीच दुपार होती.

एक मारते आणि दोघींच्या तोंडाला लागतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

त्या वाईट नाहीत, अक्का. झाल्यावर रडतात. आता तर दिवेलागण झाली की एकमेकींचे हात सुंभाने बांधतात, आणि बांधताना थट्टाही करतात. प्रेमला म्हणते, "घट बांध, नायतर उद्या जिवलीला अंडी इकत घ्यायला लागतील." मी भिंतीकडे तोंड करून जप करतो.

हे सगळं माहीत असूनही मी तुला होकार लिहिला होता. मंगळवारी. 'सुलूला वाडीवरच्या विश्रामबरोबर रविवारच्या गाडीने पाठवतो' असं लिहून पाकीट चिकटवलं होतं. एक तरी जाईल, घरातला वास निम्मा होईल, असा माझा हिशोब. तुझ्या घरात बाळंतीण असेल याचा विचार मी केला नव्हता असं लिहिणार होतो. ते खोटं आहे. केला होता, आणि तरी पाकीट चिकटवलं.

बुधवारी सकाळी देवपूजा करून बाहेर आलो, तर सुलू तुझं पत्र नाकाशी धरून बसली होती. तू सूनबाईच्या पोटाला तेल चोळून त्याच हातांनी लिहिलं असशील, कागदावर तेलाची बोटं उमटलीत. ती बोटं हुंगता हुंगता तिने कागदाचा तो कोपरा तोंडात घातला आणि चघळायला लागली. लाळ मनगटापर्यंत आली होती. माझ्याकडे पाहिलं तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण जबडा थांबत नव्हता.

"बाबा, मला नका पाठवू," ती म्हणाली. "वैनीचं बाळ आजून आतच हाय. पन मला इथूनच वास येतो."

मी नाकाला उपरणं लावलं. मागे प्रेमला उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "तुमी नाक दाबता बाबा. पन डोळे कवाच मिटत नाय. त्या कोंबडीच्या येळी बी बघत व्हता."

म्हणजे तिने मला पाहिलं होतं. अक्का, वर लिहिलं ना, मेलेली कोंबडी सापडली. ती जिवंत होती. पेंढ्याआड मी उभा होतो आणि संपेपर्यंत हाललो नाही. किळस येत होती, आणि पाय निघत नव्हते.

आता तुझ्या शेळीचं लिहितो.

तेव्हा तू इथेच, पलीकडच्या आळीत राहत होतीस. रंभाच्या बाळंतपणात तूच राबलीस, स्वतःच्या चंदीचं दूध तिला घातलंस. सटीच्या सकाळी चंदी दिसेनाशी झाली आणि मी सांगितलं, बिबट्याने नेली. तू चार दिवस जेवली नाहीस.

चंदी माझ्या पानवेलीत शिरली होती. नव्या लावलेल्या वेली तिने मुळापासून ओढल्या होत्या. हातात आबांचा कोयता होता. पहिला घाव रागाचा होता, त्याची देवाजवळ क्षमा मागता आली असती. ती पडली, तरी मी थांबलो नाही. राग केव्हाच संपला होता. मी घाव घालत राहिलो, कारण मला बरं वाटत होतं. एवढं बरं मला कुठल्या भजनात वाटलेलं नाही. ती गाभण होती हे तुला माहीत होतं आणि मलाही. पोट फाटलं. आत दोन होती. मी वाकून त्यांचा वास घेतला. मग विहिरीमागे खड्डा केला.

संध्याकाळी तू कोयता मागितलास. घरच्या पुरुषाने विहिरीच्या पाण्याने स्वच्छ धुऊन हळदकुंकू लावून द्यायचा, हा आपला रिवाज. दिवसभर मी तो केळीच्या सोपाला पुसून चुलीमागे लपवला होता. विहिरीवर जायचं म्हणजे त्या खड्ड्याजवळून जायचं, आणि जायची मला भीती वाटत होती. पुन्हा वाकून हुंगेन अशी. मुठीच्या सांध्यात काळं दिसत होतं, त्यावर हळद जास्त लावली. तू विचारलंस, "धुतलास ना रे?"

मी म्हटलं, "धुतला."

तू तो दोन पोरींच्या डोक्यांखाली ठेवलास. त्यांच्या नशिबात सटवाईने काय लिहिलं असतं कोण जाणे. तिच्या आधी मी लिहून ठेवलं होतं.

हे बुधवारी मुलींना सांगितलं. प्रेमला म्हणाली, "पंधरा वरसं आमाला वाटलं, आमीच घाण." तिने मला शिवी दिली असती तर सोपं गेलं असतं.

मग आम्ही तिघांनी तो विहिरीवर नेला. सुलूने पाणी ओढलं, प्रेमलाने ओतलं, मी घासला. सात कळशा लाल पाणी आलं. गंज म्हणावं, तर माझ्या तोंडाला पाणी सुटलं नसतं. आठव्या कळशीला मी मुलींच्या तोंडाकडे पाहिलं. तिघांनीही एकदमच आवंढा गिळला.

तेव्हा सुलू येणार नाही. तिला बोलावू नकोस, बाळाला दाखवायला इकडे आणू नकोस, तेल लागल्या हातांनी मला पत्र लिहू नकोस. रोज संध्याकाळी त्या आता तीन जोड हात बांधतात. माझे प्रेमला बांधते. कालपासून मी त्यांच्या चुलीवरचं जेवतो. घास उतरत नाही, पण उतरवतो.

कोयताही पाठवत नाही. बाळासाठी नवा घडवून घे, ज्याने अजून केळीचं पानसुद्धा कापलेलं नाही असा. आणि रिवाज काही असो, तो पुरुषाच्या हाती देऊ नकोस, तू स्वतः धू. कुणी धुतला म्हणालं, तरी पुन्हा धू.

पाकीट चिकटवायला प्रेमलाने खळ करून दिली आहे. मी जिभेने चिकटवलेलं नाही. तरी वाचून झालं की कागद चुलीत घाल, हात धू, आणि मगच सूनबाईच्या अंगाला हात लाव.

चंदीचा गुन्हेगार,
रामनाथ