जावेचं गाणं

१ मार्च, रविवार

यंदा उन्हाळ्यात तीन मोठे सिनेमे. घोडेवाला, भुताचा आणि दोन भाऊवाला. खरी नावं लांबलचक आहेत, मला माझीच बरी. घोडेवाल्याचं पोस्टर स्टँडजवळ लागलंय. हिरोची मिशी खळीनं चिकटवल्यासारखी. भुताच्यात एकही गाणं नाही म्हणे. मग मध्ये लोकांनी श्वास कधी घ्यायचा?

माझी सगळी आशा दोन भाऊवाल्यावर. त्याचा संगीतकार माझा आवडता. आजकाल गाण्याला अंतराच नसतो, मुखडा संपतो आणि पुन्हा तोच मुखडा. हा पोरगा अजून अंतरा करतो. दोन अंतऱ्यांच्या मधली बासरी तर अशी ठेवतो की...

ह्यांना म्हटलं, तिन्ही बघायचे. हे म्हणाले, "दातांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावायच्या नोकरीला बसतीस का सिनेमाच्या खिडकीवर?"

गेल्या वेळी सगळं घर नेलं होतं. गिरिजा, माझी धाकटी जाऊ, मध्यंतराच्या आधीच झोपली. तोंड उघडं टाकून. तिला सिनेमाला नेणं म्हणजे तिकीट वाया.

५ मार्च

काय लिहू.

दुपारी भाऊजींना फोन आला. भाऊजी म्हणजे गिरिजाचा नवरा, माझा धाकटा दीर. गडहिंग्लजला गिरिजाच्या मामेबहिणीची हळद झाली, तिथं हिनं गाणं म्हटलं होतं. तिच्या माहेरचं, निम्मं कानडी निम्मं मराठी. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला, तो फिरत फिरत त्या संगीतकाराकडं गेला. माझ्या संगीतकाराकडं! त्याला दोन भाऊवाल्यात हेच गाणं हवंय. ह्याच आवाजात.

गिरिजा गवारी मोडत बसली होती. म्हणाली, "कोण हाय वो अक्का ह्यो? वळखीचा हाय तुमच्या?"

त्याचं नावसुद्धा माहीत नाही तिला.

माझी भाकरी तव्यावर काळी झाली. कुणाचं लक्ष नव्हतं, सगळे हसत होते.

८ मार्च

गल्ली लोटली. शेजारच्या शमाभाभी शिलाई मशीन सोडून आल्या. "तुमची जाऊ सिनेमात गानार म्हनं! तुमास्नी तर लई आनंद झाला असंल, तुमी एवढ्या सिनेमावाल्या!"

"व्हय की," म्हटलं.

शाळेत स्नेहसंमेलनाला दरवर्षी मीच गायचे. रेडिओवर गाणं सुरू झालं की पहिल्या दोन सुरांत ओळखते. लग्नानंतर कुकर, दवाखाना, पोरांचे डबे यांत गाणं राहून गेलं ते गेलंच. पण प्रेम तर माझं होतं ना? सिनेमावर इतकी वर्षं जीव मी टाकला, आणि त्यानं बघितलं कुणाकडं, तर झोपणारीकडं.

आंघोळीला गेल्यावर तिचं हळदीचं गाणं म्हणून बघितलं. वरचा सूर फाटला. नळ सोडला मोठा.

१२ मार्च

सोमवारी कळलं, रेकॉर्डिंग पुण्यात. भाऊजींना कारखान्यातून सुट्टी नाही. गिरिजा एकदम अडून बसली, "अक्का आल्या तर जातो, न्हायतर न्हाय."

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"डॉक्टरांना विचारतो, रजा मिळती का," म्हटलं. रजा मिळणार हे मला माहीत होतं. दोन दिवस विचारलंच नाही. तिचा चेहरा रोज संध्याकाळी दारात. मला तो बघायला आवडत होतं, लिहूनच टाकते.

शेवटी विचारलं. तिच्यासाठी नाही. मला स्टुडिओ बघायचा होता.

२३ मार्च, सोमवार. पुण्याहून आलो

स्टुडिओ म्हणजे एका बंगल्याचं तळघर. चपला बाहेर काढायच्या. आत एसीनं हाडं गारठली. संगीतकार चड्डीवर! किती लहान आहे. 'या ताई' म्हणाला.

मी त्याला त्याच्या जुन्या सिनेमातली बासरी सांगितली, दुसऱ्या अंतऱ्याच्या आधीची. तो उडालाच. "अहो, ती कुणाच्याच लक्षात आली नाही! तुम्ही ऐकलीत?" चहा येईपर्यंत आम्ही दोघंच बोलत होतो. एवढा वेळ मी राणी होते.

मग चहा आला आणि तो गिरिजाकडं वळला.

तिला काचेच्या खोलीत उभं केलं, कानांवर हेडफोन. आवाजच फुटेना. पुन्हा. पुन्हा. "मी गातो, गातो," म्हणायची आणि गप्प व्हायची. ती 'गातो' म्हणाली की ती मशीनवरची मुलं हसायची, पुण्यात बायका 'गाते' म्हणतात. त्यानं ती आणखी बावरली.

मी काचेच्या अलीकडं बसून बघत होते. मला बरं वाटत होतं. बरं म्हणजे काय, आनंद झाला होता.

ती रडत बाहेर आली. "घरी न्या मला अक्का. मला न्हाय जमत." संगीतकार मान खाली घालून बसलेला. मी नुसती पिशवी उचलली असती तरी संपलं असतं सगळं.

का कोण जाणे, विचारलं, "हळदीत कुणाकडं बघून म्हणतीस गं?"

"नवरीकडं."

"मग चल. माझ्याकडं बघ."

मला स्टूल देऊन तिच्यासमोर बसवलं. बांगड्या काढून ठेवायला लावल्या, आवाज नको म्हणून. आणि तिनं सुरुवात केली. मी आजवर एवढी गाणी ऐकली, पण एवढ्या जवळून नाही. नवरी आईला विचारते ती ओळ आहे, 'अव्वा, माझ्या पितळी तांब्यात आता कोण पाणी पिणार?' तिथं तिचा आवाज जरासा खाली बसतो, आणि पुन्हा उठतो. डोळ्यांतून पाणी आलं, पुसायला हात हलवता येईना.

असं गाणं ऐकायला मिळावं म्हणूनच तर मी थेटरात जाते. आणि ते हिच्या गळ्यात आहे. परतीच्या गाडीत तिच्याशी बोलावंसं वाटेना.

२ एप्रिल

एक वार्ताहर आला. गिरिजाचा फोटो, दारात, नंतर स्वयंपाकघरात. मी चहा ठेवत होते.

"वहिनी, जरा बाजूला होता का? फ्रेममध्ये येताय."

झाले बाजूला.

१० एप्रिल

ट्रेलर आला. मारामारी, पाऊस, दोघे भाऊ, आणि शेवटी चार सूर गिरिजाचे, शब्दांशिवाय. गल्लीत शिट्ट्या. भाऊजी पेढे वाटत सुटले. डॉक्टरसुद्धा पेशंटला तोंड उघडायला लावून माझ्या जावेचं कौतुक सांगत बसले. पेशंट बिचारा, ना हो म्हणता येतंय ना नाही.

भुताच्या सिनेमाचाही ट्रेलर आलाय. बघितला नाही अजून. मी! सिनेमात मन लागेना झालंय.

१८ एप्रिल

संगीतकाराचा फोन, माझ्या मोबाईलवर. "ताई, वाईट बातमी आहे. निर्मात्यांना मोठं नाव हवंय. तेच गाणं दुसऱ्या गायिकेकडून गाऊन घेतलं त्यांनी. मी भांडतोय, पण... गिरिजाताईंना तुम्हीच सांगाल का?"

गायिकेचं नाव ऐकलं. जिच्या कॅसेटी मी झिजवल्या, तीच.

फोन ठेवला आणि पहिल्यांदा काय वाटलं? उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यावं तसं. गार. सगळं पुन्हा जिथल्या तिथं.

मग जेवण गेलं नाही.

२० एप्रिल

सांगितलं नाही. ती दळण घेऊन आली, पिठानं पांढरी झालेली, गुणगुणत. तिला दुखेल म्हणून सांगत नाही, असं मनाशी म्हणते. पण तिला माहीत नाही आणि मला माहीत आहे, हेही गोड लागतंय. काय बाई आहे मी.

२३ एप्रिल

आज सांगितलं. उद्या गाणं मोबाईलवर येणार, लोकांकडून कळायला नको.

गच्चीवर वाळवण घालत होतो. ती पापड पसरत राहिली, एकावर एक पडायला लागले तरी. मग म्हणाली, "कवापास्नं म्हायती हाय तुमास्नी?"

"शनिवारपासनं."

ती खाली निघून गेली. राहिलेले पापड मीच घातले.

२४ एप्रिल

गाणं आलं. त्या बाईंचा आवाज अजून तस्साच, मध. एक सूर इकडचा तिकडं नाही. पण 'अव्वा' शब्द असा म्हटलाय, जसं एखाद्या दुकानाचं नाव. आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांचा राग आला. पुन्हा लावलं. पुन्हा राग आला.

गिरिजानं एकदाच ऐकलं. "चांगलं म्हनल्यात की," म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

२७ एप्रिल

घरात गाणं नाही. भाकऱ्या थापताना नाही, पोराला अंघोळ घालताना नाही. शमाभाभी येऊन गेल्या. काय बोलावं त्यांना कळेना, म्हणून उन्हाळ्याबद्दलच बोलल्या.

मला हेच हवं होतं ना? दोघी सारख्याच आता. मग घर एवढं मुकं का वाटतंय? आज मीच तिच्यासमोर ते हळदीचं गाणं सुरू केलं, मुद्दाम, वरचा सूर फाटेल हे माहीत असून. फाटला. तिनं वरही बघितलं नाही.

२९ एप्रिल

पुन्हा फोन. संगीतकार म्हणतोय, मोबाईलवरचं राहू दे, पण सिनेमात हळदीच्या प्रसंगाला त्यानं गिरिजाचा आवाज घातलाय. निर्मात्यांनी शेवटच्या क्षणी काढला असेल तर त्याला माहीत नाही. त्यालाही शुक्रवारी सिनेमा लागेल तेव्हाच कळणार.

ह्या वेळी फोन ठेवला आणि सरळ तिच्याकडं गेले. ओले हात तसेच.

"मी येत न्हाय बघायला," ती म्हणाली. "तुमी जावा. तुमचाच सिनेमा हाय त्यो."

तिचं आजवरचं हेच सगळ्यांत टोचलं. बरोबर बोलली.

१ मे, शुक्रवार, सकाळ

पहिल्या खेळाची तिकिटं भाऊजींनी आणलीत, सगळ्यांची. गिरिजा अजून पातेल्यात डाव फिरवत उभी. मी आत गेले. तिनं गॅस बंद केला.

"अक्का, खरं सांगा. माजा आवाज नसावा असं वाटतंय नव्हं तुमास्नी?"

खोटं बोलायला तोंड उघडलं होतं.

"निम्मं वाटतंय," म्हटलं.

"आनि निम्मं?"

"निम्मं वाटतंय, की नसला तर मी थेटरात खुर्चीवर उभी राहून वरडीन."

ती बघत राहिली. मग हसली का, ओठ चावला का, नीट कळलं नाही. म्हणाली, "मला बी निम्मंच वाटतंय. असला तर पुन्ना बोलिवतील. त्या काचंत पुन्ना उभं ऱ्हायाचं." पदराला हात पुसत, "बोलिवलं तर तुमी याचं."

"बघतो, रजा मिळती का."

आता हे खाली रिक्षा घेऊन आलेत, हॉर्न वाजवतायत. ती कपाटासमोर उभी राहून विचारतेय, कुठली नेसू.

माझी हिरवी नेस म्हटलं. त्यात ती माझ्यापेक्षा चांगली दिसते.