यंत्रात राहिलेली फ्लॉपी

इंदापूर, १२ मार्च १९९७

काल शाळा सुटल्यावर चपला बाहेर काढून मी पुन्हा संगणकाच्या खोलीत शिरले, तर माझी घरची फ्लॉपी यंत्रातच. तिच्यात नववीची वार्षिक प्रश्नपत्रिका. दुपारभर तिथे नववीच्याच मुली बसल्या होत्या. कुणी उघडली असेल?

शिपाई तात्यांना सांगितलं, तर ते दारातच हसले. "बाई, चपला काढायचं ध्यानात ऱ्हातं, अन् पेपर काढायचं न्हाय?"

खरंच. यंत्राला धुळीपासून एवढं जपतो आम्ही. मुलींवर संशय घेणं सोपं होतं, पण फ्लॉपी माझी, चूकही माझी. बसून नवी प्रश्नपत्रिका हाताने लिहिली. जुनीपेक्षा बरी झाली. समाधान वाटलं.

आज सकाळी मुख्याध्यापकांना सगळं सांगून नवी प्रश्नपत्रिका दिली. 'चपला बाहेर काढा' या पाटीखाली तात्यांनी खडूने लिहिलं होतं, 'फ्लॉपी पण'.